अंगठ्यापासून दहा बोटांपर्यंत

आमच्या आजीला सही करता येत नाही. बँकेत, दवाखान्यात, जिथे म्हणून कागद पुढे येईल तिथे ती डाव्या हाताचा अंगठा पुढे करते. शाईने माखलेला तो अंगठा पदराला पुसताना मी तिला लहानपणापासून पाहत आले आहे. आपल्याकडे अशा माणसांना 'अंगठेबहाद्दर' म्हणतात. शब्द मोठा बोचरा आहे. शाळेत असताना आम्हीही तो हसत हसत वापरला. आजीची पिढी गेली की हा शब्दही जाईल, अशी माझी समजूत होती. पण अकरावीत असताना एक प्रसंग असा घडला की, तो शब्द मलाही लागू पडतो की काय, अशी शंका मला येऊ लागली.

माझी आई विड्या वळते. विडी कामगारांच्या मुलांना केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती मिळते आणि तिचा अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, म्हणजे संगणकाच्या मार्गाने, भरावा लागतो. आई आणि मी कागदांची पिशवी घेऊन एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. 'ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' अशी पाटी होती आणि पाटीखाली आमच्यासारख्यांची रांग होती. आमची पाळी आली. दुकानदार भराभर विचारत होता आणि मी भराभर सांगत होते. संगणकाचा पडदा त्याच्याकडे तोंड करून होता; त्यावर काय उमटते आहे ते मला दिसत नव्हते आणि दाखवा म्हणण्याचे धाडसही झाले नाही. पासवर्डही त्यानेच ठरवला आणि पावतीच्या पाठीवर लिहून दिला. पन्नास रुपये देऊन आम्ही समाधानाने घरी आलो.

काही दिवसांनी कळले की अर्जात त्रुटी निघाली आहे. बँकेच्या खाते क्रमांकातला एक आकडा चुकला होता. दुरुस्ती करायची तर पासवर्ड हवा आणि पावती तर सापडेना. नवा पासवर्ड मागवावा तर त्याचा ओटीपी ज्या मोबाइलवर जाणार, तो क्रमांक दुकानाचाच निघाला आणि तोही बंद पडलेला. या धावपळीत मुदत संपली. त्या वर्षीची शिष्यवृत्ती बुडाली. दुकानदाराला मी फार दोष देत नाही. दिवसभरात कितीतरी अर्ज भरणाऱ्या माणसाच्या हातून एखादा आकडा चुकायचाच. आई मात्र एवढेच म्हणाली, "तुला वाचता येतंय की गं. मग बघितलं का नाहीस?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजी दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर अंगठा उठवते. मी दुसऱ्याने भरलेल्या अर्जाला ओटीपी सांगितला. आजीला कागद वाचता येत नव्हता आणि मला पडदा पाहण्याचे धैर्य नव्हते. मग आम्हा दोघींत फरक तो कोणता? उलट आजीचा अंगठा निदान तिचा स्वतःचा तरी असतो. माझा पासवर्डसुद्धा माझा नव्हता.

यावर कोणी म्हणेल की, आजच्या विद्यार्थ्याला हे सांगायची काय गरज? प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे आणि मोबाइल म्हणजे छोटा संगणकच. मलाही असेच वाटत होते. परंतु मोबाइल चालवता येणे म्हणजे संगणक येणे नव्हे, हे मी अनुभवाने सांगते. मोबाइल मुख्यतः पाहण्यासाठी, ऐकण्यासाठी आणि दोन ओळींचा निरोप धाडण्यासाठी आपण वापरतो. तिथे एका अंगठ्यावर सारे भागते. दहा पानांचा प्रकल्प लिहिणे, तो सुधारणे, हिशेबाचा तक्ता आखणे, कागदपत्रे नीट नावे देऊन ठेवणे आणि हवी तेव्हा काढणे, ही कामे संगणकावर बसून करण्याची आहेत. मोबाइलवर उतरवून घेतलेला कागद नेमका कुठे जाऊन बसतो, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? मला तर तो 'मोबाइलमध्ये' जातो यापलीकडे काही ठाऊक नव्हते.

याचे कारण उघड आहे. संगणक आपल्या घरात नाही. २०१७-१८ साली राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत असे दिसून आले की, देशाच्या ग्रामीण भागात शंभरातील सुमारे ४ आणि शहरी भागात सुमारे २३ कुटुंबांकडेच संगणक होता. म्हणजे ज्या विद्यार्थ्याच्या घरात पहिल्यानेच कोणी महाविद्यालयाची पायरी चढले आहे, त्याची आणि संगणकाची ओळख घराबाहेरच व्हायची. ती ओळख कुठे आणि कशी होते, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

माझी ओळख बारावीनंतरच्या सुट्टीत एका क्लासमध्ये झाली. पहिल्या दिवशी माउस हातात धरला तेव्हा तळहाताला घाम आला होता. बाण इकडे न्यावा तर तो तिकडे पळे. दोनदा टिचकी मारायची ती मला नेमक्या वेगाने जमेना. सर्वांत मोठी भीती एकच होती, आपल्या हातून काही बिघडेल आणि त्याची भरपाई घरच्यांना करावी लागेल! ज्यांच्या घरी वस्तू मोजक्या असतात, त्यांच्या मुलांना वस्तूला हात लावताना आधी तिची किंमत आठवते. ही भीती शिकवणाऱ्यांनी समजून घ्यावी, अशी माझी नम्र विनंती आहे. नवशिक्याचे मूल गाठोडे अडाणीपणाचे नसते, भीतीचे असते.

ही भीती एका लहानशा गोष्टीने गेली. कंट्रोल आणि झेड या दोन कळा एकत्र दाबल्या की नुकतीच केलेली चूक पुसली जाते, हे मला तिसऱ्या दिवशी कळले. मग मी मुद्दामच चुका करून पाहिल्या आणि त्या पुसल्या. पाटीवर लिहावे आणि ओल्या फडक्याने पुसावे तसे ते होते. दुसरी गोष्ट फाइल आणि फोल्डरची. कचेरीतले कपाट, कपाटात खण, खणात बासन आणि बासनात कागद, हे चित्र मनाशी धरल्यावर सारा गोंधळ मिटला. तिसरी गोष्ट जतन करण्याची. एकदा दीड पान लिहिले आणि वीज गेली. जतन केले नव्हते, सगळे गेले. त्या दिवसापासून दर दोन-चार ओळींनंतर कंट्रोल आणि एस दाबण्याची सवय हाताला लागली. पुस्तकातल्या सूचनेने जे झाले नसते, ते त्या गेलेल्या विजेने केले.

पण खरा आनंद तक्त्याने दिला. आईने महिनाभरात रोज किती विड्या दिल्या, हे मी तिच्या वहीवरून एका रकान्यात उतरवले आणि खाली बेरजेचे सूत्र लिहिले. बेरीज आपोआप आली. मग एका दिवसाचा आकडा चुकला होता तो बदलला, तर खालची बेरीजही आपसूक बदलली. मी चकित झाले. संगणक शहाणा आहे म्हणून हे घडले नाही. मी सांगितलेले त्याने पाळले, म्हणून घडले. आपण सांगावे आणि यंत्राने ऐकावे, हा अनुभव आमच्या घरात नवा होता, असे मला त्या वेळी वाटले.

ते माझे अज्ञान होते, हे वडिलांनी दाखवून दिले. माझे वडील यंत्रमागावर चादरी विणतात. संगणकाला आपण आधी सूचना लिहून देतो आणि तो त्या क्रमाने पाळतो, असे मी त्यांना मोठ्या ऐटीने समजावू लागले. ते हसले आणि म्हणाले, "मग आमचं जेकार्ड काय करतंय? भोक असलं तर धागा उचलतंय, नसलं तर नाही. सारखंच की."

मित्रमैत्रिणींनो, सोलापूरच्या चादरीवरची नक्षी छापलेली नसते, विणलेली असते, हे आपण जाणतोच. मागाच्या डोक्यावर जॅकार्डचे यंत्र बसवतात आणि त्यातून भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत राहते. पुठ्ठ्यावर जिथे भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, जिथे नसेल तिथला खालीच राहतो. एकेका पुठ्ठ्याबरोबर एकेक आडवा धागा पडत जातो आणि त्यातून मोर, फूल, वेलबुट्टी उमटते. फ्रान्समधील लियाँ शहराच्या जोसेफ मारी जॅकार्डने हे यंत्र १८०४ च्या सुमारास सिद्ध केले. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेज याने गणित करणाऱ्या एका मोठ्या यंत्राचा आराखडा मांडला, तेव्हा त्याला सूचना देण्यासाठी त्याने जॅकार्डचीच भोकांची कार्डे घेतली. ते यंत्र पुरे झाले नाही. परंतु १८४३ साली एडा लव्हलेस या विदुषीने त्यावर टिपणे लिहिली आणि मागावर जशी फुले-पाने विणली जातात तशी या यंत्रात बीजगणिताची नक्षी विणली जाते, अशा अर्थाची तुलना केली. १८९० साली अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने अशाच भोकांच्या कार्डांवर माहिती नोंदवून यंत्राने मोजणी केली. पुढे कितीतरी वर्षे संगणकाला सूचना द्यायच्या त्या कार्डांवरूनच. भोक आहे किंवा नाही, या दोनच खुणांवर मागाचे काम चाले आणि शून्य व एक या दोनच खुणांवर आजचा संगणक चालतो.

म्हणजे ज्या यंत्राला मी परके समजून घाबरत होते, त्याचे एक मूळ आमच्या गल्लीतल्या खडखडाटातच होते! ही गोष्ट मी अभिमानासाठी सांगत नाही. वडिलांनी पुढे जे सांगितले ते अधिक मोलाचे आहे. पुठ्ठ्यावर एक भोक चुकीचे पडले की त्या ठिकाणचा दोष प्रत्येक चादरीत येतो. मागाचा त्यात काही अपराध नसतो. पुठ्ठा कोणी कापला आणि तो तपासला की नाही, हे विचारायचे असते. माझ्या अर्जात चुकलेला आकडा हे असेच एक भोक होते. संगणकाने तो इमानाने जसाच्या तसा पुढे पाठवला. तपासणे माझे काम होते आणि ते मी केले नव्हते.

आता प्रमाणपत्राविषयी. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक मोठ्या शहरांतून तालुक्याच्या गावी नेला. तो मराठीतून शिकण्याची सोय झाली. हे काम लहान नाही. आज राज्य शासनाच्या नोकरीसाठी हे किंवा याच्या तोडीचे प्रमाणपत्र मागितले जाते, म्हणून घरोघरी त्याचे नाव ठाऊक आहे. परंतु आपण विद्यार्थी त्याकडे कसे पाहतो? 'करून टाकायचे' म्हणून. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात प्रश्न आणि उत्तरे पाठ करायची, प्रमाणपत्र प्लास्टिकच्या आवरणात घालायचे आणि आईच्या ट्रंकेत ठेवून द्यायचे. पाठांतर मीही केले आणि गुणही चांगले मिळवले. त्यानंतर दोनच महिन्यांनी एका पानाचा मराठी अर्ज टाइप करताना मला सव्वा तास लागला. दोष अभ्यासक्रमाचा नव्हता. पोहण्याचे नियम पाठ करून मी विहिरीच्या काठावर उभी होते, एवढेच.

म्हणून माझे मत असे की, नवशिक्याने आपली परीक्षा आपणच घ्यावी. ती चार कामांची असावी. एक पान मराठीत टाइप करून जतन करावे आणि दुसऱ्या दिवशी कोणाला न विचारता शोधून काढावे. एखाद्या कागदाचा फोटो पोर्टल मागेल तेवढ्या आकाराचा करावा. घरचा महिन्याचा हिशेब तक्त्यात मांडून बेरीज संगणकाकडून करून घ्यावी. आणि स्वतःच्या ई-मेलवरून, स्वतःच ठरवलेल्या आणि स्वतःलाच ठाऊक असलेल्या पासवर्डने, एखादा कागद जोडून पाठवावा. ही चार कामे ज्याला येतात तो संगणक-साक्षर. ज्याला येत नाहीत त्याच्या ट्रंकेत कितीही कागद असोत, तो माझ्यासारखाच रांगेत उभा राहणार.

पहिल्या कामात मी 'मराठीत' हा शब्द जाणून लिहिला आहे. आपण कला शाखेचे विद्यार्थी. संगणक म्हणजे विज्ञान आणि वाणिज्यवाल्यांचा प्रांत, असे आपल्यात सर्रास बोलले जाते. पण अक्षराचे काम आपल्यापेक्षा अधिक कोणाचे? तरीही आपण एकमेकांना मराठी निरोप पाठवतो ते बहुधा इंग्रजी अक्षरांत! मराठी टाइप करणे फार अवघड, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट नावाची कळपाटाची मांडणी १९८६ सालीच प्रमाण ठरली आहे. तिच्यात बहुतेक स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. क ज्या कळेवर, त्याच कळेवर शिफ्ट दाबून ख येतो. ग वर घ, त वर थ, प वर फ. म्हणजे अल्पप्राण आणि महाप्राण यांची जी जोडी सरांनी व्याकरणाच्या तासाला शिकवली, तीच इथे बोटांखाली येते.

आणखी एक गंमत पाहा. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी उमटवावी लागे, कारण कागदावर ती आधी येते. इनस्क्रिप्टमध्ये आपण उच्चारतो त्या क्रमाने लिहितो. 'विद्या' हा शब्द लिहायचा तर व, मग वेलांटी, मग द, द चा पाय मोडायचा, मग य आणि शेवटी काना. सहा कळा. 'सोलापूर' हा सात कळांचा शब्द आहे. पहिल्या आठवड्यात मी तो एका बोटाने शोधत शोधत लिहिला. आता डोळे पडद्यावर ठेवून दोन्ही हातांनी लिहिते. रोज अर्धा तास, दीड महिना, याहून अधिक खर्च त्याला आला नाही.

काहीजण म्हणतात, आता बोलले की मोबाइल लिहून देतो, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता तर अख्खा निबंध लिहून देते. मग बोटे कशाला झिजवायची? या साधनांचा उपयोग आहे, हे मी नाकारत नाही. परंतु दुसऱ्याने लिहिलेले न तपासता पुढे पाठवण्याची किंमत मी एकदा मोजली आहे. तो दुसरा माणूस असो की यंत्र असो, कागदावर नाव आपले असते. जे लिहिले गेले ते वाचणे, चुकीच्या जागी थांबणे आणि तिथे हाताने दुरुस्ती करणे, हे ज्याला येते त्यालाच अशी साधने शोभतात. इतरांच्या बाबतीत तो नव्या रूपातला अंगठाच होय.

शेवटी गुरुजनांना आणि आपल्या महाविद्यालयाला दोन-तीन सूचना कराव्याशा वाटतात. लहान तोंडी मोठा घास घेत असेन, तर क्षमा असावी. आपला संगणक कक्ष तास संपल्यावर रोज तासभर कला शाखेच्या विद्यार्थ्यांना, केवळ सरावासाठी, खुला असावा. तिथे धडा नको, परीक्षा नको. चुका करायला एक जागा हवी, कारण घरी ती नाही. दुसरे असे की, शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवसांत द्वितीय आणि तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांजवळ बसावे. अर्ज मात्र त्यांना भरून देऊ नये. कळपाट त्यांच्याच हाती ठेवावा आणि आपण शेजारी बसून पाहावे. वेळ अधिक लागेल, रांग हळू सरकेल; पण पुढच्या वर्षी तेवढे विद्यार्थी रांगेतून कमी होतील. तिसरे, या वार्षिकांकासाठी येणारे लेख पुढील वर्षापासून लेखकांनी स्वतः टाइप करून द्यावेत. हा लेख मी तसा दिला आहे. संपादकांना त्यात चुका सापडतील, पण त्या माझ्याच हातच्या असतील.

यंदाचा शिष्यवृत्तीचा अर्ज मी स्वतः भरला. आई शेजारच्या खुर्चीवर पासबुक उघडून बसली होती. खाते क्रमांकाचा एकेक आकडा ती आपल्या भाषेत मोठ्याने वाचत होती, मी कळ दाबत होते आणि तो आकडा पडद्यावर उमटला की ती मान डोलावत होती. दुकानात आमचे काम वीस मिनिटांत झाले होते. या वेळी पावणेतीन तास लागले. पडदा आमच्या दोघींकडे तोंड करून होता.

— एक विद्यार्थिनी, एस. वाय. बी. ए.